हिरवा ढेकूण ओळखायचा तर आधी त्याला उलटा करा

ऑगस्ट संपत आला की माझ्या व्हॉट्सॲपवर ढेकणांचे फोटो सुरू होतात. माझा चुलतभाऊ औशाजवळ सोयाबीन करतो, बांधाला तूर असते, मी इथे पुण्यात बसून किड्यांचा नाद करते, त्यामुळे शेतात सहा पायांचं काहीही दिसलं की फोटो इकडे. खाली एकच ओळ, "ताई हे काय आहे, फवारू का?" फोटो नेहमी वरून, हिरव्या पानावर हिरवा किडा, अर्धा ब्लर. आणि माझं उत्तरही ठरलेलं, उलटा करून फोटो पाठव. मागच्या वर्षी तो शेवटी वैतागला, "ताई, मला काय दुसरं काम नाही का, ढेकणाला चित करून फोटो काढत बसू?" म्हणून हे एकदा सगळं नीट लिहून काढते, म्हणजे मलाही दर वेळी टाइप करायला नको.

आधी नावाचा घोळ. या किड्यांना इंग्रजीत शील्ड बग म्हणतात, म्हणजे ढालीच्या आकाराचा किडा, पण मराठीत 'ढालकिडा' म्हटलं तर आपल्याकडचा शेतकरी लेडीबर्ड बीटल समजतो, तो मावा खाणारा गोल ठिपकेवाला, आणि तो पूर्ण वेगळा प्राणी. त्यामुळे मी ढेकूणच म्हणते. गादीतला ढेकूण आणि हा, लांबचे का होईना पण नातेवाईक आहेत, दोघांचीही सोंड एकाच घराण्याची, फक्त तो रक्त पितो आणि हा शेंगेतला रस.

आता भुंगा आणि ढेकूण यातला फरक, कारण तो कळला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. भुंग्याच्या पाठीवर दोन टणक झाकणं असतात आणि ती मधोमध सरळ रेषेत जुळतात, बसच्या दाराची दोन फळकुटं जुळतात तशी. ढेकणाचे पुढचे पंख अर्धे चामड्यासारखे आणि टोकाकडचे अर्धे पातळ पारदर्शक असतात, आणि ती पातळ टोकं एकमेकांवर चढतात, त्यामुळे पाठीवर सरळ रेष न दिसता फुलीसारखी आकृती दिसते. आणि त्या फुलीच्या वरच्या बाजूला, दोन्ही पंखांच्या मध्ये, एक मोठा त्रिकोण. हा त्रिकोण म्हणजे स्क्युटेलम, आणि या कुळाची ती सगळ्यात मोठी खूण. (मोगली एरंडावर चमचमणारे निळे-हिरवे रत्नासारखे ढेकूण दिसतात ना, त्यांच्यात हा त्रिकोण इतका वाढतो की सगळी पाठच झाकून टाकतो, पंख दिसतच नाहीत, म्हणून लोक त्यांना हमखास भुंगा समजतात. ते शेजारचं कूळ, आज ते बाजूला ठेवू.)

आपला आजचा पाहुणा नेझारा. ही एक प्रजाती आहे, म्हणजे जीनस, आणि तिच्यात डझनभर जाती, त्यातल्या बऱ्याचशा आफ्रिकेत. पण जगभर गाजलेली एकच, नेझारा विरिड्युला, आणि तीच आपल्या शेतातली, टोमॅटोवरची, भेंडीवरची, गच्चीतल्या मिरचीवरची. लिनियसने 1758 मध्ये तिला सायमेक्स विरिड्युलस असं नाव दिलं, तेव्हा गादीतल्या ढेकणाचाही जीनस सायमेक्सच होता, म्हणजे सगळे ढेकूण एकाच गोणीत. पुढे 1843 मध्ये अम्यो आणि सर्व्हिल या दोघा फ्रेंच कीटकतज्ज्ञांनी नेझारा हा वेगळा जीनस केला. आता ही अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत आहे.

वरून काय दिसतं ते आधी उरकते, कारण लोक तेवढंच बघतात. लांबी साधारण 12 ते 17 मिलिमीटर, म्हणजे हाताच्या करंगळीच्या नखाच्या आसपास किंवा थोडा मोठा, मादी नरापेक्षा मोठी. डोकं लहान, दोन मोठे डोळे, त्यांच्या मागे दोन बारीक लाल टिकल्यांसारखे साधे डोळे. मिशा पाच पेरांच्या, आणि या कुळाचं शास्त्रीय नावही त्यावरूनच आलंय, पेंटाटोमिडी, पेंटा म्हणजे पाच. मिशीच्या शेवटच्या पेरांवर लालसर-तपकिरी पट्टे. डोक्यामागे रुंद खांदेपट्टा, प्रोनोटम, आणि नेझाराचे खांदे गोल गुळगुळीत असतात, टोकदार नाहीत, काटा नाही, हे लक्षात ठेवा कारण शेवटी लागणार आहे. मग तो त्रिकोण, आणि त्रिकोणाच्या वरच्या कडेला, जिथे तो खांदेपट्ट्याला चिकटतो तिथे, ओळीत तीन बारीक पांढरे ठिपके आणि दोन्ही कोपऱ्यात एकेक काळा ठिपका. तीन पांढरे दोन काळे. भिंग नसेल तर मोबाईल झूम करा, चांगल्या फोटोत दिसतात.

इथे माझा भाऊ म्हणतो, झालं की मग, ठिपके मोजले, ओळखला. नाही ना झालं! कारण हाच ठिपकेवाला किडा चार कपडे घालून फिरतो. पूर्ण हिरवा हा नेहमीचा. दुसरा हिरवाच पण डोक्याचा पुढचा भाग आणि खांद्याची पुढची कड पिवळी, जणू पिवळी कॉलर लावली. तिसरा उलटा, अंग पिवळं आणि त्यावर हिरवे ठिपके, आणि चौथा नारिंगीकडे झुकलेला. हे चारही एकाच जातीत, एकाच अंड्यांच्या घोसातून सुद्धा निघू शकतात, रंग आनुवंशिक आहे, आपल्याकडे एकाच घरात एक गोरा एक सावळा निघतो तसं. जुन्या लोकांनी या रंगांना वेगवेगळी नावं देऊन ठेवली होती. त्यात भर म्हणजे थंड प्रदेशात, जपान किंवा इटलीत वगैरे, हिवाळ्यात सुप्तावस्थेत गेला की हाच हिरवा ढेकूण तांबूस-तपकिरी होतो आणि वसंतात परत हिरवा. म्हणजे रंगावरून ओळखायचं ठरवलं तर एकाच किड्याला तुम्ही पाच नावं देणार आणि पाच वेगळ्या हिरव्या किड्यांना एकच नाव देणार. मोबाईलमधली ओळख सांगणारी ॲप्स नेमकी इथेच आपटतात, त्यांनाही फोटोत रंगच जास्त दिसतो. मी एकाच ढेकणाचे तीन कोनांतून फोटो टाकले होते, तीन नावं आली, त्यातलं एक तर अमेरिकेतलं.

म्हणून उलटा करायचा. पोटाची बाजू खोटं बोलत नाही.

कसा उलटा करायचा ते सांगते, कारण हातात धरलात तर वासाने हात धूत बसाल. स्वच्छ रिकामी बरणी घ्या, किडा त्यात, झाकण लावून फ्रीजमध्ये दहाएक मिनिटं (घरच्यांना सांगून ठेवा, आमच्याकडे चटणी समजून बरणी उघडली गेली होती). थंडीने तो सुस्त होतो, मरत नाही, मग पांढऱ्या कागदावर चित ठेवायचा, कडेने उजेड पाडायचा आणि पटकन फोटो. दोन-तीन मिनिटांत पाय हलवायला लागतो.

चित केल्यावर पहिली दिसते ती सोंड. डोक्याच्या टोकापासून निघून छातीवर, पायांच्या मधोमध चपटी पडलेली, जणू पेन खिशाला लावलंय. ही चार पेरांची सोंड म्हणजे खरं तर नुसतं म्यान आहे. आत चार सुया असतात केसाएवढ्या, बाहेरच्या दोन भोसकायला, आतल्या दोन एकमेकींना अशा चिकटतात की त्यांच्यात दोन नळ्या तयार होतात, एकीतून लाळ खाली जाते आणि दुसरीतून रस वर येतो. ढेकूण शेंगेवर बसतो, म्यान वाकतं आणि सुया आत सरकतात, लाळेने आतला दाणा विरघळतो आणि तो ते सूप पितो. म्हणून तर वरून शेंग ठीकठाक दिसते, सोलली की दाणा सुरकुतलेला आणि त्यावर काळपट डाग. टोमॅटोवर सालीखाली पांढुरके ढगाळ डाग येतात, चिरला की तेवढा भाग बुचासारखा कडक लागतो. बाजारातून आणलेल्या टोमॅटोतही सापडेल, पुढच्या वेळी बघा.

आणि आता तो भाग ज्यासाठी हा सगळा खटाटोप. मधल्या आणि मागच्या पायांच्या बुडाशी, छातीच्या बाजूला, दोन्हीकडे एकेक बारीक भोक दिसेल. हीच ती वासाची ग्रंथी जिथे उघडते ती जागा. भोकापासून बाहेरच्या बाजूला एक छोटी पन्हळ निघते, आणि पन्हळीच्या भोवती चामडीचा एक तुकडा मॅट, खरबरीत, बाकीच्या चकचकीत अंगापेक्षा वेगळा. काम कसं चालतं बघा, धोका वाटला की भोकातून द्रव बाहेर, पन्हळीतून पुढे वाहतो, आणि त्या खरबरीत तुकड्यावर पसरतो, टिपकागदावर शाई पसरते तसा, म्हणजे वास भराभर उडतो आणि द्रव स्वतःच्या अंगावर भलतीकडे ओघळत नाही. पागोळ्या झेलायला छपराला पन्हळ लावतो तेच इंजिनिअरिंग.

तर ही पन्हळ किती लांब आहे त्यावर जीनस ठरतो. नेझारामध्ये ती आखूड, बोथट, छातीच्या बाजूच्या पाटीच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. ॲक्रोस्टर्नम नावाचा दुसरा हिरवा ढेकूण आहे, आपल्याकडे तुरीवर वगैरे मिळतो, आकाराने लहान, वरून बघाल तर नेझाराचा धाकटा भाऊ वाटेल, त्याची पन्हळ लांब, निमुळती होत निम्म्याच्या पुढे गेलेली. बस, एवढाच फरक, एक मिलिमीटरचा मामला, पण तो पिवळ्या कॉलरवाल्यात, तपकिरी झालेल्यात, मेलेल्या सुकलेल्यातही तसाच राहतो. अमेरिकेत यावरून केवढी नावं फिरली, तिथला एक मोठा हिरवा ढेकूण आधी नेझारा हिलारिस होता, मग ॲक्रोस्टर्नम झाला, आता चिनाविया. किडा तोच, फळबागेत तेच नुकसान करतोय, कागदावर तिसरं आडनाव.

पन्हळीनंतर पोटाचं बूड बघा, मागच्या पायांच्या मध्ये. नेझाराच्या पोटाच्या सुरुवातीला एक बारीकसा उंचवटा असतो, बोथट. तिथे जर पुढे रोखलेला लांब काटा दिसला, पायांच्या मधून थेट छातीकडे गेलेला, तर तो पिएझोडोरस. हाही हिरवट, सोयाबीन आणि डाळींच्या पिकावर भरपूर, वरून बघितला तर खांद्यावरून आडवी गुलाबी-पांढरट रेघ असते, आणि नेझारापेक्षा लहान, सेंटिमीटरच्या आसपास. भावाने पाठवलेल्या 'हिरव्या ढेकणांच्या' फोटोत निम्मे हेच निघाले होते.

पोटाच्या शेवटी नर-मादी कळते. नराच्या टोकाला एकसंध वाटीसारखा भाग, मादीच्या टोकाला मधोमध चीर आणि दोन्हीकडे छोट्या पाट्या. अगदी कोर्टात टिकेल अशी ओळख हवी असेल तर तज्ज्ञ नराची ती वाटी उघडून आतले हुकासारखे भाग बघतात, मायक्रोस्कोपखाली, ते आपलं काम नाही.

जाता जाता नेझाराचीच दुसरी जात, नेझारा अँटेनाटा, भारतापासून चीन-जपानपर्यंत आहे. जपानमध्ये दोन्ही एकाच शेतात सापडतात, एकमेकांशी जोड्यासुद्धा लावतात, आणि वरून सारख्याच हिरव्या. तिथले लोक काय करतात, पंख उचलून बघतात. पंखाखालची पाठ हिरवी असेल तर विरिड्युला, काळी असेल तर अँटेनाटा. मिशांचे पट्टेही एकीचे तपकिरी, दुसरीचे काळपट. आणि विरिड्युला ही उष्ण प्रदेशातली, ती तिथे गेल्या काही दशकांत उत्तरेकडे सरकतेय, हिवाळे सौम्य झालेत म्हणून, आणि हे त्यांना कळलं कारण कुणीतरी बसून पंख उचलत होतं, नाहीतर 'हिरवे ढेकूण आहेत' एवढ्यावरच विषय संपला असता.

वासाबद्दल न बोलता कसं चालेल. नेझारा चिरडला की जो उग्र वास येतो तो नीट आठवा, नाक न मुरडता, आणि मग कोथिंबिरीची जुडी चुरगाळून बघा. आहे ना ओळखीचा? ढेकणाच्या द्रवात डेसेनाल, हेक्सेनाल असली अल्डिहाइडं असतात आणि डेसेनाल कोथिंबिरीच्या पानातही असतं. ग्रीक लोकांनी कोथिंबिरीला दिलेल्या नावाचा संबंध तिकडे ढेकणाच्या शब्दाशी जोडला जातो, त्यावरूनच इंग्रजी कोरिअँडर. काही लोकांना कोथिंबीर साबणासारखी लागते ना, त्यांच्याबद्दल मला आता सहानुभूती वाटते. आईला हे सांगितलं तेव्हा ती पोह्यांवर कोथिंबीर पेरत होती, तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि दुप्पट टाकली.

शिवाय हे ढेकूण बोलतात. आपल्याला ऐकू येत नाही कारण ते हवेत नाही बोलत, पोट थरथरवतात आणि ती थरथर पायांतून झाडाच्या दांड्यात जाते, साधारण 100 हर्ट्झच्या आसपास, आणि दुसऱ्या फांदीवरचा ढेकूण ती पायांनी ऐकतो. स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. नर दुरून वासाने मादीला झाडापर्यंत बोलावतो आणि मग नेमकी फांदी या थरथरीवरून सापडते, म्हणजे आधी सोसायटीचं नाव आणि मग फ्लॅट नंबर.

आता पिल्लं, आणि खरा गोंधळ इथे आहे. मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते, एका घोसात तीसपासून शंभरच्या वरही, छोट्या पिंपांसारखी उभी, मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी रचून, प्रत्येकाला गोल झाकण. आधी फिकट पिवळी, उबताना गुलाबी-नारिंगी होतात. पिल्लू झाकण ढकलून बाहेर येतं आणि पहिल्या कातेपर्यंत काही खात नाही, रिकाम्या अंड्यांवरच सगळी भावंडं दाटीवाटीने बसून राहतात. आई जाताना अंड्यांवर एक थर लावून गेलेली असते, त्यात तिच्या आतड्यातले बॅक्टेरिया असतात, पिल्लांना ते तिथूनच मिळतात. ही धरून एकूण पाच अवस्था, पाच वेळा कात, आणि रंग दर वेळी नवा, मधल्या अवस्थांत काळं गोल अंग आणि त्यावर पांढरे ठिपके, मग त्यात लाल, शेवटी हिरवट आणि पंखांचे कोंब.

पिल्लांना वर सांगितलेली पोटाची खूण लावू नका. त्यांना पंख नसतात, त्यामुळे पाठ उघडी असते आणि वासाच्या ग्रंथी पाठीवरच उघडतात, पोटाच्या वरच्या बाजूला मधोमध ओळीने. मोठं होऊन पंखांनी पाठ झाकली की पाठीवरची भोकं निकामी, म्हणून मोठ्याची ग्रंथी खाली छातीला. मिशाही पिल्लाच्या चारच पेरांच्या, पाचवं मोठेपणी. म्हणजे पेंटाटोमिडी कुळातलं पोर असून मिशी चारचीच.

उलट बाजूचा गोंधळ म्हणजे मित्रकिडा. याच कुळात शिकारी ढेकूण आहेत, त्यातला आपल्याकडचा एओकँथेकोना, तपकिरी, कवडी-कवडी रंगाचा, खांद्याला दोन्हीकडे काटे. हा सोयाबीनवरच्या अळ्या भोसकून पितो, अळी सोंडेला लटकलेली आणि हा तिला घेऊन चाललाय असं दृश्य दिसतं. वरून खांद्याचे काटे बघा, पण खात्री परत पोटाच्या बाजूनेच. रस पिणाऱ्याची सोंड बारीक, डोक्याखाली चिकटून पडलेली, शिकाऱ्याची सोंड जाड आणि तिचं पहिलंच पेर जाडजूड आणि मोकळं, त्यामुळे ती सरळ पुढे रोखता येते, भाल्यासारखी. नेझाराला तसं जमत नाही, तो खालीच भोसकतो. (कोकणात काजूवर माणसाच्या तोंडासारखा दिसणारा लाल-पिवळा ढेकूण असतो, फॉरवर्डमध्ये फिरतो तोच, त्यालाही चेहरा डोकं खाली केल्यावरच दिसतो, पण तो रस पिणाराच.)

तर मागच्या सप्टेंबरात भावाने शेवटी बरणी फ्रीजमध्ये ठेवली. चित फोटो आले चार. एक नेझारा, आखूड पन्हळ स्वच्छ दिसत होती, दोन पिएझोडोरस काट्यासकट, आणि चौथा जाड सोंडेचा, खांद्याला काटे, म्हणजे अळ्या खाणारा, आणि नेमका तोच त्याला सगळ्यात भयानक वाटला होता, "ताई हा तर विषारी दिसतोय, ह्याचा आधी बंदोबस्त करतो" असं व्हॉइस नोटमध्ये. त्याला म्हटलं, अरे हा आपल्या पार्टीतला आहे, सोड त्याला.

मग त्याने सहज म्हणून अजून एक फोटो पाठवला. तुरीच्या पानावर काळे गोल बारीक किडे, पांढरे ठिपके, पंधरा-वीस एकत्र. वहिनींनी आठवडाभर कुणाला त्या झाडाला हात लावू दिला नव्हता, ढालकिडे आहेत, मावा खातात, राहू द्या म्हणून. मी झूम केलं. पाठीवर मधली सरळ रेष नाही, कारण पंखच नाहीत, मिशा लांब, सगळे एकाच दिशेला तोंड करून गटाने बसलेले, आणि शेजारच्या पानामागे रिकाम्या पिंपांचा षटकोनी घोस, झाकणं उघडी. मी लिहिलं, वहिनींना फोन दे.